तिसरी घडी

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाहून केतकी घरी आली ती गाणं गुणगुणतच. काखेत वाण म्हणून मिळालेला स्टीलचा डबा, पदरात ओले हरभरे, आणि हाताच्या पाठीवर लावलेलं अत्तर ती दर दोन पावलांनी नाकाशी नेत होती. तिची सासू शालन ओसरीवर बसून चार वर्षांच्या नातीला, मनूला, दहीभात भरवत होती.

"आई, पन्हं काय झालं होतं म्हणून सांगू! आणि आंबेडाळ तर अशी, की बोटं चाटावीत." केतकी पायरीवरच टेकली. "आणि भैय्यासाहेब स्वतः आले होते हो. वहिनीसाहेब अत्तर लावतायत आणि हे समोर हात जोडून उभे. प्रत्येकीला नावानं ओळखतात. मला म्हणाले, केतकीताई, लेक कशी आहे?"

शालनचा घास हातातच राहिला.

कारण आमदार भैय्यासाहेब कडतरे हे नाव या घरात शिवी जोडल्याशिवाय कुणी घेत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बॅटरीच्या कारखान्यात आम्लाची टाकी फुटली आणि सात माणसं जागच्या जागी गेली. त्यांत शालनचा नवरा नामदेव होता. केतकी तेव्हा त्याच कारखान्याच्या टाइम ऑफिसात कामाला होती. आदल्या दिवशी सुपरवायझर भैय्यासाहेबाच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, 'टाकीचा व्हॉल्व्ह गेलाय, काम थांबवू या.' त्यावर भैय्यासाहेब म्हणाला, 'मंत्री येऊन जाऊ देत. तोवर टाकी थांबता कामा नये.' दाराशी फाइल घेऊन उभ्या असलेल्या केतकीनं हे आपल्या कानांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरही त्या सातांत गेला. म्हणजे ते बोलणं ऐकलेलं जिवंत माणूस आता एकच उरलं होतं, आणि त्याची साक्ष आषाढात लागली होती. तीन वर्षांत केतकीला आमिषं आली, धमक्या आल्या, पण ही पोर तसूभर हलली नव्हती. शालनचा मुलगा संग्राम बोटीवर नोकरीला, आठ-आठ महिने समुद्रात. या लढाईत सासूसुनाच काय त्या एकमेकींच्या.

"मी काय म्हणते, आई," केतकी हळूच म्हणाली, "ती साक्षबिक्ष आता राहू द्या ना. झालं ते झालं. त्या माणसाच्या मनात पाप नाही हो. चेहऱ्यावरच दिसतं."

"उन्हातनं आलीयस. आधी पाणी पी," शालन म्हणाली, आणि सुनेच्या डोळ्यांकडे बघत राहिली. ती नजर तिच्या चांगली ओळखीची होती.

शालननं नर्स म्हणून अठ्ठावीस वर्षं तारळखेडच्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत काढली होती. बाई बाळंत होते तेव्हा तिच्या मेंदूत एक रस पाझरतो. त्या घटकाभरात समोर जो चेहरा असेल, जो वास असेल, तो मेंदू 'हे माझं' म्हणून कोरून ठेवतो. गाय वासराला चाटत बसते ती याचसाठी. काही बायांना हा रस पुरेसा येत नाही. त्या भिंतीकडे तोंड करून पडतात, बाळाकडे त्यांना बघवत नाही. अशांसाठी काही वर्षांपूर्वी एक औषध निघालं होतं. त्याचं नाव मायबंध. त्याला ना रंग, ना वास. कापडावर दोन थेंब टाकायचे, आईला हुंगायला द्यायचं, आणि पाच मिनिटांच्या आत बाळ तिच्या डोळ्यांसमोर धरायचं. मग कोरडी नजर ओली होते, खांदे सैल पडतात आणि बाईचे ओठ आपोआप हलायला लागतात. आत्ता भैय्यासाहेबाचं नाव घेताना केतकीचं नेमकं हेच झालं होतं.

प्रशिक्षणात डॉक्टर साडीचं उदाहरण देत. पहिल्या मात्रेची घडी चाळीस दिवसांत आपोआप उलगडते. दुसरीची पाच-सहा महिने राहते. तिसऱ्या मात्रेनं मात्र कापडच त्या रेषेवर वळतं, समोर जो चेहरा असेल त्याच्या बाजूला, आणि ती घडी जन्मात मोडत नाही. म्हणून नियम कडक होता. एका बाईला आयुष्यात दोनच मात्रा द्यायच्या, त्याही तिची सही घेऊन.

भैय्यासाहेबाचं पहिलं हळदीकुंकू संक्रांतीला झालं होतं; गल्लीतल्या बायांनी नको नको म्हणणाऱ्या केतकीलाही गाडीत बसवून नेलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या तोंडून त्याला शिवी आली नव्हती. आजचं चैत्रातलं दुसरं. आणि तिसरं, अख्ख्या तालुक्याच्या मंगळागौरीचं, श्रावणात व्हायचं जाहीर झालं होतं. म्हणजे श्रावणात अख्ख्या तालुक्याला तिसरी मात्रा. तिनं मनूचं तोंड पुसायचा ओला रुमाल उचलला, "ये गं, हात चिकट झाला असेल," म्हणत केतकीच्या हाताची पाठ पुसली आणि तो रुमाल एका पिशवीत बांधून ठेवला.

दवाखान्याच्या डॉक्टर निलोफर मुल्ला वयानं तिशीच्या आतल्या, पण डोकं तल्लख. रुमाल तपासायला दिल्यावर तीन दिवसांनी त्यांनी शालनला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"मायबंधच आहे, सिस्टर. नेहमीच्या पाचपट कडक. आणि आपल्याच दवाखान्यातलं. जानेवारीत फ्रीज बिघडला म्हणून दोन खोकी निकामी दाखवली, आठवतं? साक्षीदार म्हणून खाली तुमची सही आहे."

"मी न बघताच केली होती, मॅडम."

"मी पण." निलोफरनी रुमालाची पिशवी कपाटात ठेवून कुलूप लावलं. "पण नुसता रुमाल दाखवून भागणार नाही. त्यांचे वकील म्हणतील, नर्सनंच टाकलं. माणसांच्या शरीरात दाखवायला हवं. नाकाच्या आतल्या पेशींवर प्रत्येक मात्रेची खूण राहते. किती मात्रा गेल्या ते मोजता येतं, पण खुणा अत्तरामुळेच पडल्या हे सिद्ध करायचं, तर तुलनेला दुसरा गट लागतो. याच गावच्या, असंच खाणाऱ्यापिणाऱ्या बायका, ज्यांना ते अत्तर लागलेलं नाही. त्या कुठून आणायच्या? पंचक्रोशीतल्या चार हजार जणी गेल्या होत्या तिथं. गाडी पाठवून नेलंय एकेकीला. गावात उरलंय कोण?"

त्या दिवसांत शालन पहिल्यांदाच हसली. "आम्ही उरलोय की, मॅडम."

माणसं चंद्रावर मुक्काम ठोकून आली. विधवा प्रथा बंद केल्याचा ठराव तारळखेडच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवूनही पंधरा वर्षं झाली. पण हळदीकुंकवाचं आवतण द्यायला बायका निघाल्या, की विधवेच्या दारावरून आजही पुढे जात. वहिनीसाहेबांच्या यादीतून ती नावं कुणीतरी सवयीनंच गाळली होती. तसं करा म्हणून कुणाला सांगावंसुद्धा लागलं नव्हतं. एवढं डोकं चालवणारा माणूस, आणि एकसष्ट बाया आपल्याच हातानं बाजूला काढून ठेवून बसला.

शालन घरोघर फिरली. एकसष्टच्या एकसष्ट जणी आल्या. सगळ्यांत म्हाताऱ्या गोदाक्का नाकात काडी घालून घेताना म्हणाल्या, "जन्मभर आमची सावली नको झाली होती, आता आमचं नाक कामाला आलं म्हण की!" अत्तर लावून घेतलेल्या बाया तयार होतील का, याची निलोफरना धास्ती होती. पण त्या तर रांगा लावून आल्या. "घ्या की, तपासा! भैय्यासाहेबांच्या मागं लागलेल्यांची तोंडं बंद होऊ देत!" ज्याच्यावर माणसाची माया बसते त्याच्याबद्दल त्याला संशयच येत नाही, मग भीती कसली? रांगेत केतकी सगळ्यांच्या पुढे होती.

चौथ्या दिवशी दुपारी दारात बिनआवाजाची पांढरी गाडी थांबली. भैय्यासाहेब एकटाच उतरला, ओसरीवर आला आणि नामदेवच्या फोटोसमोर क्षणभर डोळे मिटून उभा राहिला. केतकीला काय करू नि काय नको झालं. ती चहा टाकायला आत धावली.

"मावशी, गावभर नाकात काड्या घालताय म्हणे," तो बसत म्हणाला.

"हवा बदललीय. सर्दीपडसं फार आहे."

तो मनापासून हसला. आवाज मऊ, लोण्यासारखा. "तुमच्यापाशी कशाला लपवू? माझ्या वडिलांनी साड्या वाटल्या. मी कुकर वाटले. लोक घेतात आणि पाठ फिरली की शिव्या घालतात. मी काय विष पाजलं का कुणाला? मायाच दिली. मत काय, मावशी, कुणीही देतं आणि पुढच्या वेळी काढूनही घेतं. मला माणूस हवा, अख्खा. दिवाळीनंतर राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्यात हळदीकुंकू ठेवलंय. एकदा मुख्यमंत्री झालो, की मला कुणी उठवायचंच नाही. कोण उठवील? आपल्या माणसाला कुणी उठवतं का?"

"आणि सात माणसं गेली त्यांचं काय?"

"त्याचंच तर दुखतंय ना तुम्हाला?" तो पुढे झुकला. "श्रावणात तुम्ही पण या. सगळ्या या. यादीत चूक झाली, आमच्या लोकांना अक्कल नाही. आम्ही विधवाबिधवा काही मानत नाही. आमची ही स्वतःच्या हातानं तुम्हाला कुंकू लावील. अत्तर लावील. दुखायचंच थांबेल, मावशी."

खोटं कशाला सांगायचं, शालनला मोह झाला. तीन वर्षांत तिच्या कपाळाला कुणाचं बोट लागलं नव्हतं. रोज सकाळी उठल्याबरोबर छातीत जे रुततं ते एकदाचं थांबलं तर हवंच होतं की तिला. आणि त्या मोहाचीच मग तिला शिसारी आली.

तेवढ्यात केतकी चहा घेऊन आली. भैय्यासाहेबानं कप उचलला तशी ती पटकन म्हणाली, "थांबा, थांबा, भाजेल." कप त्याच्या हातून घेऊन तिनं चहा बशीत ओतला, त्यावर फुंकर घातली आणि मग बशी त्याच्यापुढे धरली. मनूचं दूधही ती असंच निववत असे. भैय्यासाहेब खूश होऊन चहा प्याला. आपल्याला काय मिळालंय हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

जेठात अहवाल आला. एकसष्ट विधवांपैकी एकीच्याही नाकात खूण नव्हती. अत्तरवाल्या प्रत्येकीच्या नाकात दोन-दोन खुणा. "एक सोडून," निलोफर म्हणाल्या. "केतकीच्या तीन आहेत. बाकीच्यांची माया दसऱ्यापर्यंत उतरेल, सिस्टर. तिची नाही उतरायची. पण ही आणखी एक मात्रा आली कुठून?"

शालन खुर्चीत बसली. आपल्या हातची एक मात्रा तिनं हिशेबात धरलीच नव्हती.

चार वर्षांपूर्वी मनू झाली तेव्हा केतकी सात दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोर रडून काळीनिळी व्हायची आणि ही कूस बदलायची नाही. सातव्या दिवशी दुपारी शालननं दुपट्याच्या कोपऱ्यावर दोन थेंब टाकले, ते तिच्या खांद्याशी ठेवलं आणि पोर कुशीत दिली. सही घेतली नाही. कुणाला सांगितलंही नाही, संग्रामलासुद्धा नाही.

"अहवालात नावं नाहीत, नुसते नंबर आहेत," निलोफर हळू आवाजात म्हणाल्या. "तिला कळलंच पाहिजे असं नाही."

घरी येईपर्यंत शालननं दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं. गप्प राहिलं तर सून आपली राहते, पण ती कोर्टात जाऊन भैय्यासाहेबाला सोडवून येते. बोललं तर सून जाते. आणि बोलूनही तिचं मन बदलेल याची खात्री कुठाय? पण ती मूर्ख नव्हती. पोटातली माया कुठून आली हे कळलं, तर निदान डोक्यानं तरी ती ठरवू शकली असती. तेवढा हक्क तिचा होता, आणि तो चार वर्षांपूर्वी शालननंच काढून घेतला होता.

केतकी परातीत मेथी निवडत होती. शालन समोर बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. अत्तराचं, खुणांचं आणि दुपट्याचंही.

केतकीचे हात थांबले. तिनं हातातली जुडी परातीत टाकली.

"माझी सही का नाही घेतलीत?"

"लोक म्हणाले असते, सुनेला वेड लागलं. आणि खरं सांगू? तू नको म्हणशील अशी भीती वाटली मला."

"मग त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय, आई?"

शालननं ती जुडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"आणि मनू?" केतकीचा आवाज फाटला. "रात्रंदिवस जिच्यामागं धावते, तिला शिंक आली तर माझा जीव वरखाली होतो. ते पण बाटलीतलंच का?"

"नाही. ती पहिली घडी होती, पोरी. चाळीस दिवसांची. पुढची चार वर्षं कुणी काही हुंगायला दिलं नाही तुला. ती सगळी तुझी."

केतकीनं ऐकलं की नाही कळलं नाही. संध्याकाळच्या एसटीनं ती मनूला घेऊन माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "डोक्याला पटतंय. पण त्याचं नाव घेतलं की अजून इथं भरून येतं." आणि छातीवर हात ठेवला.

नंतरचा दीड महिना शालननं कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. फोन केला तर केतकी मनूच्या हातात द्यायची. मधल्या काळात विधवांच्या दारात श्रावणाची सोनेरी काठाची आवतणं आली. कुणी ती हातात घेऊन रडल्या. जन्मात पहिल्यांदा आवतण आलेलं! शालन पुन्हा घरोघर फिरली आणि कळवळून सांगत राहिली, नका गं जाऊ. गोदाक्कांनी आवतणाची घडी करून देव्हाऱ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "जात नाही. पण आलं हो, मरायच्या आत आलं."

साक्षीच्या दिवशी जिल्ह्याच्या कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. केतकी भावाबरोबर आली. शालनकडे तिनं पाहिलं नाही. भैय्यासाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पुढच्या बाकावर बसला होता, अगदी निवांत. केतकी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली, तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. ते बघून त्याचा वकील शेजाऱ्याकडे पाहून हसला.

सरकारी वकिलांनी प्रश्न विचारला. केतकीनं न्यायाधीशांकडे तोंड वळवलं.

"साहेब," ती म्हणाली, "मला औषध दिलेलं आहे. कुणी आणि किती वेळा, ते मी आधीच लिहून दिलंय. ते आता उतरायचं नाही. हे समोर बसलेत ना, हे मला माझ्या लेकीसारखे वाटतात. सकाळपासून मला एकच घोर लागलाय, यांनी काही खाल्लंय की नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"पण माझ्या मनूनं काचेची बरणी फोडली, तर ती मांजरानं फोडली असं मी म्हणत नाही. तिनंच फोडली, असंच म्हणते. माझी आहे म्हणून तर म्हणते." तिनं पुन्हा भैय्यासाहेबाकडे पाहिलं. "मी त्या दिवशी केबिनच्या दाराशी उभी होते."

आणि तिनं सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, मंत्री, 'टाकी थांबता कामा नये', एकेक शब्द. सांगताना डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचंही तिला भान नव्हतं. भैय्यासाहेबाचं हसू कधीच मावळलं होतं. तो रागावला नव्हता, चक्रावला होता. मायबंध हे आयांसाठी केलेलं औषध, हे त्या शहाण्यानं कधी ध्यानातच घेतलं नव्हतं. तो भाऊ म्हणून हात जोडून उभा राहिला आणि चार हजार बायांच्या मनात लेकरू होऊन बसला. लेकराला आई जीव लावते, तसा वेळ आली की कानाखाली आवाजही काढते.

त्याच आठवड्यात अहवाल कोर्टापुढे आला. श्रावणाचा कार्यक्रम बंद झाला आणि भैय्यासाहेबाची रवानगी कच्च्या कैदेत झाली. दसऱ्यापर्यंत बाकीच्या बायांची घडी उलगडली. कुणी शरमेनं रडल्या, कुणी त्याच्या बंगल्यावर चपला घेऊन गेल्या. त्याच्या दारात कुणी फिरकेना.

केतकी नागपंचमीला मनूला घेऊन घरी आली. सासूसुनांचं पूर्वीसारखं झालं नाही, आणि होईल अशी आशा शालननंही धरली नाही. केतकी 'आई' म्हणायची, पण त्यात आता जरासं थांबणं असायचं. आणि आठवड्यातून एकदा, कोर्टाची परवानगी काढून, ती तुरुंगात घरचा डबा घेऊन जायची. पहिल्या वेळी ती चुलीपुढे बसली तेव्हा शालननं तिच्या हातून पीठ काढून घेतलं.

"तुम्ही नका करू, आई. त्याच्यासाठी तुम्ही नको."

"असू दे. पहिली घडी माझ्या हातची आहे," शालन म्हणाली. तेव्हापासून नामदेवच्या फोटोकडे पाठ करून तीच भाकरी थापते.

परवा उलटतपासणी होती. सकाळी केतकी साडी नेसून, कागद पिशवीत घालून तयार झाली. शालन डबा भरत होती.

"आज तर कोर्टात बोलायचंय तुला. डबा राहू दे की एक दिवस."

"नाही," केतकी म्हणाली. "आधी डबा देते, मग उभी राहते. उपाशी ठेवून त्याच्याविरुद्ध बोलवणार नाही मला."

शालननं डब्यात आणखी एक भाकरी ठेवली आणि झाकण लावलं.